मोगल साम्राज्याचा जमाखर्च

शाळेची सहल आग्र्याला गेली की वाटाड्या मुलांना ताजमहालासमोर उभे करतो आणि आकडे सांगू लागतो. बांधकाम किती वर्षे चालले, किती कारागीर राबले, संगमरवर कोठून आला, रत्ने कोणकोणत्या देशांतून आणली. मुले तोंडात बोट घालून पाहत राहतात. क्वचित एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, एवढा पैसा आला कुठून?" वाटाड्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नसते आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा आम्हा शिक्षकांजवळही नसते. बाबर कोणत्या साली आला, पानिपतावर कोण जिंकले, कोणत्या बादशहाने कोणती इमारत बांधली, एवढे आम्ही शिकलो आणि तेवढेच शिकवत आलो. पैशाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्या विद्यार्थ्याला उत्तर देण्याचा हा एक अल्पसा प्रयत्न आहे. कोणत्याही राज्याच्या वहीला दोन बाजू असतात, जमा आणि खर्च. महाल, मकबरे, तख्त, हत्ती, फौजा ही सारी खर्चाची बाजू झाली. ती डोळ्यांत भरते म्हणून आपण तीच पाहतो. जमेची बाजू ज्यांनी भरली त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. ती बाजू वाचायला शिकल्याखेरीज मोगल काळ आपल्याला समजणार नाही, असे माझे नम्र मत आहे.

शेत, विहीर आणि मोट

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानची लोकसंख्या चौदा-पंधरा कोटींच्या आसपास असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यातील फार मोठा भाग खेड्यांत राहत होता आणि शेतीवर जगत होता. शेतीची साधने साधी होती. लाकडी नांगर, लोखंडी फाळ, बैलजोडी आणि पाऊस. पाऊस पुरेसा नसेल तेथे विहिरी होत्या. बाबराने आपल्या आत्मचरित्रात लाहोर, दिपालपूर, सरहिंद या भागातील रहाटांचे वर्णन केले आहे आणि आग्र्याकडे बैलांच्या साहाय्याने चामड्याच्या मोटेने पाणी काढतात, असेही नोंदवून ठेवले आहे. मोट म्हणजे काय हे महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. अगदी अलीकडेपर्यंत आपल्याकडेही विहिरीवर तिचाच करकर आवाज ऐकू येत असे.

साधने साधी असली तरी शेतकरी अडाणी नव्हता. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात आग्रा सुभ्यात ३९ व दिल्ली सुभ्यात ४३ प्रकारची पिके नोंदवली आहेत. एवढी विविधता अनुभवाशिवाय येत नाही. नवे पीक स्वीकारण्यातही हा शेतकरी मागे नव्हता. तंबाखूचेच उदाहरण घ्या. पोर्तुगीजांमार्फत ती आपल्या किनाऱ्यावर आली. असद बेग नावाच्या अधिकाऱ्याने १६०४ च्या सुमारास विजापुराहून ती नेऊन अकबरापुढे ठेवली. दरबारी हकिमांत तिच्यावर वाद झाला. जहांगिराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदीही घातली. परंतु तिला भाव मिळतो हे एकदा कळल्यावर शेतकऱ्याने बंदीची पर्वा केली नाही. मका आणि मिरची हीसुद्धा समुद्रापलीकडून आलेली पिके, आज ती आपल्या घरची वाटतात.

गावातील सर्व शेतकरी सारखे नव्हते. पिढ्यान् पिढ्या स्वतःची जमीन कसणाऱ्यांना उत्तरेत 'खुदकाश्त' म्हणत आणि दुसऱ्या गावाहून येऊन जमीन कसणाऱ्यांना 'पाहीकाश्त'. आपल्याकडील मिरासदार आणि उपरी यांच्यासारखाच हा भेद होय. त्यांच्याही खाली भूमिहीन मजूर होते. त्यांच्यापैकी अनेकांना जातीच्या बंधनामुळे जमीन धारण करण्याची मुभाच नव्हती. गावावर जमीनदाराचा वंशपरंपरागत हक्क असे. आपल्याकडे देशमुख-देशपांडे जसे वतनदार, तसाच तो. सरकारी महसुलातून अगर रयतेकडून तो आपला वाटा घेई. शेतातील रास घरी येईपर्यंत तिच्यावर अशा किती नजरा असत याची यावरून कल्पना यावी.

ओली दोरी आणि कोरडी दोरी

राज्याच्या उत्पन्नाचा मुख्य आधार जमीनमहसूल हा होता. तो ठरवायचा तर जमीन मोजली पाहिजे, पीक पाहिले पाहिजे आणि भाव माहीत पाहिजे. अकबराच्या कारकिर्दीत (१५५६ ते १६०५) राजा टोडरमल व त्याच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले.

पूर्वी जमीन तागाच्या दोरीने मोजत. दोरी ओली झाली की आखडते. हे ओळखून लबाड अधिकारी ती दवात ठेवून भिजवीत आणि मग मोजणीला निघत. दोरी आखूड झाली की तेवढ्याच शेताचे बिघे जास्त भरत आणि बिघे जास्त भरले की महसूल जास्त. ही लबाडी अबुल फजलनेच लिहून ठेवली आहे. १५७५ च्या सुमारास दोरीऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब वापरात आली. बांबू भिजला तरी आखडत नाही. आज ही सुधारणा फार क्षुल्लक वाटेल, पण ज्याच्या शेतात ती जरीब पडली त्याच्या घरात त्या वर्षी चार पायल्या धान्य अधिक राहिले असेल. चांगला कारभार म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

जमिनीचे चार वर्ग करण्यात आले. दरवर्षी पिकणारी ती पोलज, थोडी विश्रांती देऊन पिकणारी ती परौती, तीन-चार वर्षे पडीक राहिलेली ती चाचर आणि पाच वर्षे वा अधिक काळ पडलेली ती बंजर. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिल्या वर्षी फार थोडा सारा द्यावा लागे. तो वाढत वाढत पाचव्या वर्षी पूर्ण दरावर येई. दहा वर्षांचे उत्पन्न आणि भाव पाहून १५८० मध्ये प्रत्येक पिकाचा दर बिघ्याला इतके दाम असा रोख रकमेत ठरवला गेला. हीच ती प्रसिद्ध 'दहसाला' पद्धती. सरासरी उत्पन्नाचा एकतृतीयांश हे तिचे प्रमाण होते.

ही पद्धत साम्राज्यात सर्वत्र चालू नव्हती. कोठे उभ्या पिकाचा अंदाज घेत, कोठे खळ्यावर धान्याची वाटणी होई, तर कोठे मागील वर्षांच्या आकड्यावरून सारा बांधला जाई. प्रत्यक्षात सरकारचा वाटा एकतृतीयांशावर थांबत नसे. प्रांताप्रांतांत आणि काळाच्या ओघात तो उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत चढलेला दिसतो. रोख सारा भरायचा म्हणजे पीक निघताच विकणे आले आणि सर्वांनी एकाच वेळी विकायला काढले की भाव पडणे आलेच. शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहतो तो अशाच वेळी. हा अनुभव आपल्या शेतकरी पालकांना नवा नाही.

दर ठरत असे तो पीक आणि जमीन पाहून. तरीही १६७९ मध्ये जिझिया पुन्हा सुरू झाला तेव्हा गैरमुस्लिम रयतेवर आणखी एक बोजा पडला, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. जुन्या वह्या वाचायच्या तर त्यातील प्रत्येक रक्कम वाचली पाहिजे.

गोळा झालेली रक्कम कोणाकडे जाई?

'आईन'मध्ये साम्राज्याची एकूण आकारणी सुमारे ३६३ कोटी दाम दिली आहे. चाळीस दामांचा एक रुपया, या हिशेबाने ही रक्कम नऊ कोटी रुपयांहून थोडी अधिक होते. यातील काही मुलखाचे उत्पन्न थेट सरकारी खजिन्यात जाई. त्याला खालसा म्हणत. उरलेला मुलूख मनसबदारांना पगारापोटी जागीर म्हणून तोडून दिला जाई. जागीरदार जमिनीचा मालक नसे. त्याला मिळे तो त्या मुलखाचा महसूल घेण्याचा अधिकार, आणि त्यातून त्याने आपले घोडदळ पोसावे, ही अपेक्षा असे.

शहाजहानच्या कारकिर्दीतील कागदांचा अभ्यास करून इतिहासकारांनी या वाटपाचा हिशेब मांडला आहे. सुमारे आठ हजार मनसबदार होते. त्यांपैकी सत्तरच्या आसपास शहजादे व बडे उमराव यांच्या वाट्याला साम्राज्याच्या एकूण आकारणीपैकी एकतृतीयांशाहून अधिक हिस्सा जात होता. कोट्यवधी लोकांच्या घामाचे फळ ज्यांच्या हाती जमा होत होते, ती माणसे एका मध्यम दिवाणखान्यात मावली असती.

त्यात जागिरी तीन-चार वर्षांनी बदलत. अमीर एका जागी रुजून बंडखोर होऊ नये म्हणून बादशहाने केलेली ही तजवीज. परंतु आपण उद्या येथे नसणार हे ठाऊक असलेला माणूस विहीर कशाला खोदील? फ्रेंच वैद्य बर्निए १६५८ नंतर सुमारे दहा वर्षे या देशात होता. या व्यवस्थेत शेतकरी नागवला जातो आणि जमिनी ओस पडतात, असा निष्कर्ष त्याने काढला. बर्निए आपल्या देशातील राज्यकर्त्यांना धडा देण्यासाठी लिहीत होता, त्यामुळे त्याने रंग गडद केला असे आजचे अनेक अभ्यासक मानतात आणि ते रास्तच आहे. शेतकऱ्याचा कसण्याचा हक्क वंशपरंपरेने चाले, जमीनदारीचे हक्क विकले आणि विकत घेतले जात, हे कागदांवरून सिद्ध झाले आहे. तथापि शेतकरी गाव सोडून पळून जात ही तक्रार सरकारी फर्मानांतही आहे. औरंगजेबाने १६६५ मध्ये रसिकदास या करोडीला पाठवलेल्या फर्मानात प्रत्येक शेतकऱ्याची आणि पिकाची नीट नोंद ठेवण्याविषयी आणि रयतेवर जुलूम होऊ न देण्याविषयी सूचना आहेत. जुलूम होत असल्याशिवाय अशी सूचना देण्याची वेळ येत नाही.

बैल, हुंडी आणि जहाज

सारा रोख भरायचा म्हणून धान्य बाजारात येई आणि त्या धान्यावर शहरे जगत. आग्रा, लाहोर, दिल्ली, अहमदाबाद, बुऱ्हाणपूर ही शहरे त्या काळच्या जगातील मोठ्या शहरांत मोडत. एवढे धान्य वाहून कोण नेई? बंजारे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये वाटेत बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला, त्यात धान्याने लादलेले १४,००० बैल होते. बायका-मुलांसह चाललेले ते एक गावच होते. महाराष्ट्रात आज जे बंजारा तांडे आहेत त्यांच्या पूर्वजांनी या देशाची धान्यवाहतूक कित्येक पिढ्या आपल्या बैलांच्या पाठीवर पेलली आहे.

पैसा वाहून नेण्याची अडचण हुंडीने सोडवली होती. सुरतेच्या सराफाकडे रक्कम भरावी, त्याची चिठ्ठी घेऊन आग्र्याला जावे आणि तेथील सराफाकडून रक्कम घ्यावी. मालाचा विमा उतरवण्याचीही सोय होती. सुजानराय भंडारी या फारसी इतिहासकाराने १६९५-९६ च्या सुमारास हुंडी आणि विमा या दोहोंचे कौतुक केले आहे.

रुपया चांदीचा. शेरशहा सूरच्या काळात (१५४० ते १५४५) त्याचे वजन ठरले आणि मोगलांनी ते कसोशीने पाळले. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत यावे, ठरलेला आकार भरावा आणि रुपये पाडून घ्यावे. परंतु आपल्या देशात चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्या. ही चांदी अमेरिकेतील खाणींतून युरोप आणि पश्चिम आशियामार्गे येई, काही जपानकडूनही येई. ती येई ती आपले कापड, नीळ, मसाले, साखर, सोरा यांच्या मोबदल्यात. थोडक्यात, विणकराने विणलेल्या थानाचाच रुपया होत होता.

या व्यापाराचे मोठे द्वार म्हणजे सुरत. हाजींची जहाजे येथूनच सुटत. विरजी व्होरा हा तेथील जैन सावकार इंग्रज कंपनीला कर्ज देई. अठराव्या शतकाच्या आरंभी मुल्ला अब्दुल गफूर या बोहरा व्यापाऱ्याची पंधरा-वीस जहाजे समुद्रावर होती. तो १७१८ मध्ये वारला. एका इंग्रज कप्तानाने त्याच्या व्यापाराची तुलना खुद्द ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराशी केली होती. मुस्लिम जहाजमालक, हिंदू-जैन सराफ, पारशी दलाल आणि कोकण-गुजरातचे खलाशी या सर्वांनी मिळून तो व्यापार चालवला होता. एकाचे दुसऱ्यावाचून पान हलत नसे.

विणकराची मजुरी

आता या व्यापाराच्या मुळाशी बसलेल्या माणसाकडे वळू. ढाक्याची मलमल, गुजरातचे छापील कापड, बुऱ्हाणपूरचे तलम कापड यांची कीर्ती दूरवर होती. बुऱ्हाणपूरचे कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जाते, असे तावर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहिले आहे. हे कापड विणणारा बहुधा स्वतःच्या घरात, स्वतःच्या मागावर बसे. सूत घेण्यासाठी त्याला व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम मिळे. तिला 'दादनी' म्हणत. एकदा दादनी घेतली की माल त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच भावाने द्यावा लागे. माग विणकराचा होता, भाव मात्र दुसऱ्याचा होता.

'आईन'मध्ये मजुरीचे दरही आहेत. साध्या मजुराला दिवसाला दोन दामांच्या आसपास, तर पहिल्या प्रतीच्या सुताराला सात दाम. त्याच ग्रंथात गव्हाचा भाव मणाला बारा दाम दिला आहे. तेव्हाचा मण साधारण पंचवीस किलोंचा. म्हणजे दोन दामांत चार किलो गहू येई. हे वाचून आपल्याला वाटेल की मजुराची चंगळ होती. पण तूप मणाला १०५ दाम होते, म्हणजे अख्ख्या दिवसाच्या मजुरीत अर्धा किलो तूपही येत नव्हते. साखर त्याहून महाग. कापड आणि धातूची भांडी यांनाही धान्याच्या मानाने भाव अधिक. त्यातून हे दर सरकारी बांधकामावरचे, आणि बांधकाम काही रोज नसे. पोट भरावे आणि अंगावर एक वस्त्र असावे, एवढाच त्या मजुरीचा अर्थ.

१७०० च्या सुमारास जगाच्या एकूण उत्पन्नात हिंदुस्थानचा वाटा सुमारे एकचतुर्थांश होता, असा अँगस मॅडिसन या अर्थशास्त्रज्ञाचा अंदाज आहे. सभा-संमेलनांतून हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. त्याच अंदाजात जगाच्या लोकसंख्येतील आपला वाटाही एकचतुर्थांशाहून थोडा अधिक आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते. देश मोठा होता, माणसे पुष्कळ होती, हात कुशल होते. म्हणून दरडोई श्रीमंती होती असे होत नाही.

बुऱ्हाणपूर, १६३१

हा सारा हिशेब एकाच ठिकाणी पाहायचा असेल तर तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात जावे. १६३० मध्ये पाऊस पडला नाही. गुजरात, खानदेश आणि दख्खन होरपळून निघाले. पुढच्या वर्षी अतिवृष्टीने उरलीसुरली पिके गेली. एकट्या गुजरातेत सुमारे तीस लाख माणसे मेली, असा एका समकालीन डच वृत्तांतातील अंदाज आहे. विणकर मेले किंवा परागंदा झाले, आणि वखारींना कापड मिळेनासे झाले. याच दुष्काळाच्या झळा देहूच्या तुकोबांच्या घराला लागल्या. दुकान बसले, पत्नी अन्नावाचून गेली. तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते.

त्या वेळी शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरातच तळ देऊन होता. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने दुष्काळाचे भीषण वर्णन केले आहे, त्याने काहीही झाकलेले नाही. बादशहाने लंगरखाने उघडले. दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवारी एक लाख रुपये वाटले. खालसा मुलखातील सुमारे सत्तर लाखांचा महसूल माफ केला. त्याच शहरात जून १६३१ मध्ये मुमताजमहल बाळंतपणात वारली आणि पुढल्या वर्षी आग्र्याला ताजमहालाचे काम सुरू झाले. लाहोरीने ताजचा खर्च पन्नास लाख दिला आहे. १६३५ मध्ये तयार झालेल्या मयूरासनाची किंमत त्याने एक कोटी सांगितली आहे, शहाऐंशी लाखांची रत्ने आणि चौदा लाखांचे सोने.

हे आकडे एकाखाली एक लिहून पाहा. मी कोणावर आरोप करीत नाही. सत्तर लाखांची माफी ही लहान गोष्ट नव्हती आणि त्या काळात पुष्कळ राजांनी तेवढेही केले नसते. परंतु जी रयत उपाशी मेली तिने दिलेल्या पैशातूनच ती रत्ने खजिन्यात आली होती. सुगीच्या वर्षांत निम्मे पीक उचलले गेले नसते, तर कणगीत काही राहिले असते. लंगरखान्याच्या रांगेत उभे राहण्याची पाळी कदाचित आली नसती.

दख्खनचा मुर्शिदकुली खान

दुष्काळाने आणि लढायांनी दख्खन उजाड झाली. १६५२-५३ च्या सुमारास औरंगजेब सुभेदार म्हणून येथे आला तेव्हा त्याच्याबरोबर मुर्शिदकुली खान हा खुरासानी दिवाण होता. (बंगालचा याच नावाचा नाझिम पुढचा, आणि वेगळा.) त्याने जे केले ते आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावे. ओस गावांना नवे पाटील नेमले. ज्यांचे बैल मेले होते त्यांना बैल आणि बियाणे घेण्यासाठी तगाई दिली व ती हप्त्याहप्त्याने फेडून घेतली. जमिनीची मोजणी केली. पावसावरच्या पिकाचा निम्मा, विहिरीवरच्या धान्याचा एकतृतीयांश आणि उसासारख्या कष्टाच्या पिकाचा त्याहूनही कमी वाटा सरकारने घ्यावा, असे ठरवले. विहीर खोदणाऱ्याच्या श्रमाची त्याने दरातच कदर केली. मोजणीच्या जरिबेचे एक टोक तो कित्येकदा स्वतः हाती धरी, असे सांगतात. त्याच्या पूर्वी निजामशाहीत मलिक अंबरने (मृत्यू १६२६) आणि नंतर शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तो यांनी महसुलाची घडी बसवली. राज्ये एकमेकांशी लढत होती, पण रयत जगली तरच राज्य जगते हे शहाण्या कारभाऱ्यांना सगळीकडे सारखेच कळले होते.

लेखणी कोणाच्या हातात?

एवढ्या मोठ्या राज्याचा हिशेब ठेवायला हजारो लेखण्या लागत. १५८२ मध्ये टोडरमलाने हिशेब फारसीत ठेवण्याचा दंडक घातला, असे मानले जाते. परिणाम असा झाला, की कायस्थ आणि खत्री घराण्यांनी भराभर फारसी आत्मसात केली. ती त्यांची घरची भाषा नव्हती. पण शंभर वर्षांत त्यांनी दफ्तरे ताब्यात घेतली, इतकी की हिशेबाची पुस्तकेही तेच लिहू लागले. १६९० च्या दशकातील नंदराम कायस्थाचा 'सियाकनामा' हा त्यातला एक नामांकित ग्रंथ. पुढे १८३७ मध्ये इंग्रज सरकारने फारसीचे सरकारी स्थान काढून घेतले. तेव्हा ज्यांनी नवी भाषा आणि नवी विद्या लवकर घेतली ते तरले आणि जे जुन्या दफ्तराकडे पाहत बसले ते मागे पडले. दोन्ही वेळी न्याय एकच लागू झाला.

दुसरी एक गोष्ट मनाला चटका लावते. १५८० मध्ये जेझुइट पाद्र्यांनी अकबराला छापील बायबलचे भव्य खंड भेट दिले. गोव्यात तर १५५६ पासून छापखाना चालू होता. अकबराने ते ग्रंथ आदराने हाती घेतले. पण छापखाना काही त्याच्या राज्यात आला नाही. सुंदर हस्ताक्षर लिहिणारे कातिब मुबलक होते, पुस्तके वाचणारे मूठभर होते, मग यंत्र कशाला? विणकराचे हात स्वस्त होते, म्हणून मागही तसाच राहिला. जेथे पैसा थोड्यांच्या हाती गोळा होतो आणि श्रम स्वस्त असतात, तेथे नवी कल्पना दाराशी येऊन परत जाते.

आपण कोणाचे वारस?

मोगल सत्ता पुढे का खचली, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. कोणी शेतकऱ्यांवरील असह्य भाराकडे बोट दाखवतात, कोणी जागिरींच्या तुटवड्याकडे, तर कोणी म्हणतात की प्रांत समृद्ध झाले आणि केंद्राला जुमानेनासे झाले. तो वाद अभ्यासकांवर सोपवू.

आपल्यापुरता प्रश्न निराळा आहे. मोगलांचे नाव निघाले की आपल्या घरांत दोन तऱ्हा दिसतात. काहीजण त्या वैभवाचा असा अभिमान बाळगतात, जणू ते तख्त आपल्या आजोबांचेच होते. काहींना त्या इतिहासाची लाज वाटावी अशी अपेक्षा केली जाते, जणू तो जुलूम आपल्याच आजोबांनी केला होता. दोन्ही हिशेब चुकीच्या खात्यावर मांडले आहेत. मालेगाव-भिवंडीची अनेक विणकर घराणी एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून पोटासाठी येथे आली. कोकणात नाखुदा आणि शेतकरी, देशावर बागवान, तांबोळी, मण्यार, पिंजारी, अत्तार. आपल्यापैकी बहुतेकांची वंशावळ ही अशी आहे. आपले वाडवडील त्या वहीत जमेच्या बाजूला होते, शेजारच्या हिंदू शेतकऱ्याच्या आणि बंजाऱ्याच्या ओळीतच.

रयत, वसूल, बाकी, जमा, खर्च, हिशेब, सराफ, दुकान, कारखाना, कारकून, दफ्तर. मराठीत रोज वापरले जाणारे हे शब्द बहामनी काळापासून दख्खनच्या आणि पुढे मोगलांच्या कारभारातून आपल्या बोलीत रुजले. तख्त गेले, रत्ने परदेशी गेली, शब्द मात्र राहिले, कारण ते कामाचे होते.

तेव्हा पुढच्या सहलीत एखाद्या मुलाने विचारले की एवढा पैसा कुठून आला, तर त्याला गप्प करू नका. ताजमहाल त्याला डोळे भरून पाहू द्या, तो तितका सुंदर आहेच. मग त्याला मोट, जरीब आणि माग यांची गोष्ट सांगा आणि परतीच्या वाटेवर गाडी थोडा वेळ बुऱ्हाणपूरला थांबवा.